गरोदर ऊसतोड बाईला फडावरून पगारी रजा द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जागतिक मधुमेह दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. चाला, गोड कमी खा, वजन उतरवा, हे सल्ले योग्यच आहेत. पण बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेल्या मला त्यात आमच्या भागातली माणसं कुठेच दिसली नाहीत. अंगावर मांस नाही, दिवसभर मोळ्या वाहते, अशा ऊसतोड बाईची साखर वाढलेली निघते, तेव्हा तिला काय 'चालत जा' म्हणायचं?

अशा बाईची साखर का वाढते, याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं; इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं बारीक खरी, पण स्नायू जितके खुरटले तितकी अंगातली चरबी घटलेली नव्हती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जिची चर्चा फारशी होत नाही: गरोदरपणी शेतातले, पाणी भरण्याचे कष्ट जितके जास्त, तितकं बाळ लहान. पालेभाज्या, फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं मात्र वजनाला चांगली होती.

आता फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, काय चालतं ते पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघं मिळून एकच धरतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. गाडी भरायला पहाटे कधीही उठायचं, सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खाडा झाला की पैसे कापले जातात. भाजी कुठली, भाकरी आणि चटणी. बाळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जन्मतं आणि फडाच्या कडेला वाढतं. पुढे तेही कोयता हाती घेतं. २०१९ साली इथल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला, सरकारने समिती नेमली. पण गर्भपिशवीत असताना बाळाचं काय होतं, याबद्दल कुणी बोललं नाही.

कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारीला एक दिवसही नाही. गरोदर बाईसाठीच्या सरकारी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये उचलीपुढे किती पुरणार?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्याच्या निधीतून पाचव्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बाईची मजुरी द्यावी आणि तेवढ्या काळाची उचल मुकादमाने कापू नये, असा आदेश गाळप हंगाम सुरू होण्याआधी निघावा.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड