आता गाडीतून फोन येणार नाही

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "गाडी दारात उभी असताना तू ट्रेनने का जातेस? पैशाची काही अडचण आहे का?" मी "नाही हो, असंच" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून तुम्हा दोघांच्या मनात ते घोळत असणार, म्हणून सविस्तर लिहिते. पैशाची अडचण नाही. पण "असंच" हेही खरं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना हायवेवर माझा डोळा लागला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून जाग आली, तेव्हा गाडी शेजारच्या लेनमध्ये निम्मी शिरली होती. कुणाला लागलं नाही, गाडीवर ओरखडाही नाही. घरी येऊन हिशेब केला. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. दोन सेकंद डोळे मिटले असतील, तर 44 मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. बाबा, मला गाडी शिकवताना तुम्ही शेजारी बसून सारखे "नजर रस्त्यावर" म्हणायचात. त्या रात्री तेच कानात घुमत होतं. तेव्हा सांगितलं असतं, तर रोज संध्याकाळी मी पोचल्याचं कळेपर्यंत तुम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसला असतात. आता त्या रस्त्याने रोज जाणं थांबलं आहे, म्हणून सांगायचा धीर झाला.

थकवा कामाचा कमी आणि रस्त्याचाच जास्त होता. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. पुढे अपघात असेल असं वाटत राहायचं, आणि पोचल्यावर तिथे काहीच नसायचं. यावर जपानमध्ये एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या एकाच वेगाने फिरवायच्या, एवढंच. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्या वेळात कोंडी झाली. एकाचा वेग जरासा कमी झाला की मागचा थोडा जास्त ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि शेवटी कुणीतरी पूर्ण थांबतो. हे वाचलं आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्यांच्यावर चिडत होते, त्यांच्यातलं कुणीच चुकत नव्हतं.

आता सकाळी पंधरा मिनिटं लवकर निघते, चालत स्टेशन गाठते. बसायला जागा मिळेलच असं नाही. पावसात पाय भिजतात, आणि एक ट्रेन चुकली की पुढचं सगळं मागे पडतं. पहिल्या आठवड्यात दोनदा वाटलं की पुरे झालं. मग एकदा खिडकीशी जागा मिळाली आणि डोळा लागला. जाग आली ती माझ्या स्टेशनच्या अलीकडे. माझ्या झोपेने कुणाचाही जीव धोक्यात आला नव्हता. त्याच दिवशी पास काढला.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत राखून ठेवली आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो, हे तुम्हीच मला कागदावर काढून समजावलं होतंत. ट्रेनची दोन्ही चाकं तर एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. मग वळणावर कसं जमतं? चाकांची कड सपाट नसते, किंचित निमुळती असते. वळणावर जोडी जराशी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर फिरतं, आतलं लहान घेरावर, आणि हिशेब जुळतो. फलाटावर उभं राहून मी किती वेळ चाकंच बघत होते. तुम्ही बरोबर असायला हवे होतात.

आईच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. रात्री-अपरात्री तुमच्याकडे धावत यायची वेळ आली तर? अगं, गाडी विकलेली नाही. दर रविवारी चालवून आणते, टाकी भरलेली ठेवते. ती आता तेवढ्यासाठीच आहे.

आणखी एक सांगायचं आहे. इतके दिवस मी तुम्हाला गाडी चालवतानाच फोन करायचे. वेळ सत्कारणी लागतो असं वाटायचं. पण कान तुमच्याकडे आणि डोळे पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर असायचे. आई, आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तू मला तीनदा सांगितलंस, आणि तिन्ही वेळा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "अगं बाई, कधी?" म्हटलं. तिसऱ्या वेळी तू गप्प झालीस आणि म्हणालीस, "गाडी चालवतेयस ना, ठेव." ते मला फार लागलं, कारण तू रागावली नव्हतीस.

आता संध्याकाळी स्टेशनवरून घरापर्यंत वीस मिनिटं चालते. रस्ता शांत आहे, हात मोकळे असतात. साधारण सव्वासातला फोन करीन. आत्याचं सगळं पहिल्यापासून सांग.

तुमची,
ताई