हिशेब क्लाउडवर न्या, पण एक प्रत आपल्या ताब्यात ठेवा

संपादक महोदय,

मी चिपळूणच्या बाजारपेठेत कर सल्लागार आहे. हिशेब क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेण्यासाठी व्यापाऱ्यांना सध्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे सारखे फोन येतात आणि ते मला विचारतात, न्यावेत का? मी न्या म्हणतो. मात्र चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका, हेही सांगतो.

न्या का म्हणतो, ते चिपळूणकरांना लगेच कळेल. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. माल गेला तो डोळ्यांसमोर. पण विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिले मागितली, तेव्हा अनेकांचे पाय गळाले. कॉम्प्युटर चिखलात आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! विवरणपत्रे जीएसटी पोर्टलवर होती, म्हणून खरेदी-विक्रीचे आकडे तरी मिळाले. पण गोदामात कोणता माल किती होता, कोणाकडून किती उधारी यायची होती, हे पोर्टल कुठून सांगणार? शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कायद्याने परत करावे लागते. तो आकडा काढायलाही नोंदी लागतातच. ज्या मोजक्यांचा डेटा क्लाउडवर होता, त्यांनी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लॉगिन करून याद्या छापल्या आणि सर्व्हेअरच्या हातात दिल्या.

आता धोक्याचे. माझ्याकडच्या एका व्यापाऱ्याला कंपनीने नूतनीकरणाच्या वेळी दर वाढवून सांगितला. त्याने हुज्जत घातली, तेवढ्यात मुदत संपली आणि लॉगिन बंद झाले. विवरणपत्राची तारीख तोंडावर आलेली. बिचाऱ्याने मुकाट्याने वाढीव रक्कम भरली, तेव्हा कुठे त्याच्याच नोंदी त्याला दिसल्या. हे मला अजिबात पटत नाही. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपण्याची जबाबदारी जीएसटी कायद्याने व्यापाऱ्यावर टाकली आहे, सॉफ्टवेअर कंपनीवर नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा रोखल्या. गुजरातेत वाडिनारला एवढी मोठी रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीला आपल्या ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर सेवा सुरू झाल्या. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच ठिकाणी होता त्यांचा डेटा कायमचा गेला. पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये ठेवण्याचाच हा प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर.

म्हणून कंपनीला आधी विचारा: माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये उतरवून घेता येईल का? सेवा बंद झाल्यावर तो किती दिवस मिळेल? दुसरी प्रत कुठल्या शहरात आहे? दर किती वाढू शकतो? उत्तरे लेखी घ्या. लॉगिनचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येऊ द्या. पुष्कळ दुकानांत तो अकाउंटंटच्या नंबरवर जातो. माणूस नोकरी सोडून गेला की मालक बाहेर आणि हिशेब आत. आणि दर महिन्याला विवरणपत्र भरले की सगळा डेटा हार्ड डिस्कवर उतरवा. ती दुकानात ठेवू नका, घरी न्या, तीही पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी.

पण लहान व्यापाऱ्याच्या शब्दाला कंपनीपुढे वजन किती? व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांसाठी साध्या मराठीत करारनामा करून घ्यावा. केंद्र सरकारनेही नियम करावा, की वर्गणी थकली तरी निदान 90 दिवस ग्राहकाला आपला डेटा विनाशुल्क उतरवून घेता आला पाहिजे. नव्या नोंदी करायला कंपनीने खुशाल मनाई करावी, जुन्या नोंदी मात्र अडवून धरू नयेत.

– एक कर सल्लागार, चिपळूण, जि. रत्नागिरी