कल्टार घातलं नाही, बाबा

देवगड, श्रावण

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कल्टार घातलंस का?" आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून उत्तर लिहूनच पाठवते. मोहोर लवकर यावा म्हणून आंब्याच्या कलमांना ओततात ते औषध मी घातलं नाही, आणि घालणारही नाही.

शेजारच्या बागांत सध्या तेच चाललंय. कलमाखालचं रान बेणायचं, बुंध्याभोवती 25-30 भोकं पाडायची आणि झाडाच्या विस्ताराला मीटरमागे 3 मिली या हिशेबाने औषध पाण्यात कालवून ओतायचं. पालवी आखडते, मोहोर लवकर येतो, दरवर्षी येतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. लवकरच्या पेटीला वाशीच्या बाजारात मिळणाऱ्या भावावर इथली घरं चालतात. पण हापूस मुळातला वर्षाआड धरणारा. दरवर्षी धरायला लावलं तर खतपाणीही त्याच मापाने द्यावं लागतं. ते न मिळाल्यामुळे शेंड्याकडून वाळत आलेली कलमं मी येता-जाता बघते, आणि मला बघवत नाही.

आणि वरच्या कातळावरची कलमं तर तुम्ही सुरुंग लावून फोडलेल्या खड्ड्यांत वाढलीत. खालून डोक्यावरून माती वाहून आणलीत आईने आणि तुम्ही. झाडाला काय ती तेवढीच माती. तिच्यात ते औषध ओतायला माझा हात धजत नाही. प्रमाणपत्राचा नियम आहेच, फळबागेला सेंद्रिय म्हणायच्या आधी 3 वर्षं रसायनाशिवाय काढावी लागतात. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं.

पावसाची उघडीप मिळाली की सध्या बांडगूळ काढतोय. फुलटोचे त्याची फळं खातात आणि चिकट बी फांदीवर पुसून जातात, तिथेच ते रुजतं. नुसतं वरून तोडलं तर पुन्हा फुटतं, म्हणून खालपर्यंत फांदीसकट कापतो आणि कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो. मेरेवरच्या, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला तोडून आळ्यांत पसरलाय, त्याखाली शेणखत. पूर्वी आपण पातेरा गोळा करून जाळायचो. आता काडीसुद्धा बागेबाहेर जात नाही. आळ्यातली माती हाताने उकरता येते, गांडुळं दिसतात. तुम्ही आलात की दाखवते.

पालवी जून झाली आणि थंडी पडली की मोहोर येईल, शेजाऱ्यांपेक्षा उशिरा. तुडतुड्यांना निंबोळी अर्क, भुरीला गंधक आणि फळमाशीला दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा, एवढ्यावर भागवते. झाडावरच्या हुमल्यांची, त्या लाल मुंग्यांची, घरटी मी मोडू देत नाही. आंबे उतरवताना गडी चावून घेतात आणि मला बोलतात, पण ते हुमले किडी खातात. आपला आंबा एप्रिलच्या अखेरीला निघेल. अढीत पेंढ्यावर पिकवून थेट घरोघरी पाठवायचा. जी गिऱ्हाइकं जोडली आहेत, ती थांबतात. ज्या वर्षी कलमं रिकामी, त्या वर्षी काजू आणि कोकम आहेत. पैशाची चिंता करू नका, खरंच नको.

आई, तुझ्या परड्यातला मांडव यंदा भरलाय. पडवळांना तू बांधायचीस तसे दगड बांधले, सरळ उतरलीत. तवशी एवढी आली की शेजारी वाटून संपत नाहीत. एक वेलीवरच पिकवायला ठेवलीय, तुझ्या काकडीच्या गोड धोंडसासाठी. बियाणं राखेत घोळून ठेवते, पण दोडक्याचं किती दिवस सुकवायचं ते पत्रात लिही. गणपतीवर बांधायच्या माटवीला कांगणं आणि कवंडळं ही रानफळं कुठे मिळतात तेही तुलाच माहीत. मला रानात शोधून सापडली नाहीत.

गणपतीला दोघंही या. दादाला तिकिटं आताच काढायला सांगा, नंतर मिळत नाहीत. आणि बाबा, गुडघ्यांचं कारण नको, वरच्या कातळापर्यंत आता रिक्षा येते. विहिरीजवळची जुनी कलमं फार उंच गेलीत, आत ऊन पोचत नाही. मधल्या फांद्या काढायच्या आहेत. कुठल्या, ते तुम्ही खाली उभं राहून सांगा, मी चुन्याने खुणा करून घेते. तोवर करवत लावत नाही.

तुमची,
लेक