नाईट ड्युटीच्या सिस्टर, तुमचा कंगवा माझ्याकडेच राहिलाय

सिस्टर, तुम्हाला कदाचित आठवणार पण नाही. खिडकीजवळच्या बेडवरची, डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत नागीण उठलेली मास्तरीणबाई. तीच मी.

मला २०१९ पासून सीएलएल आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सरच पण हळूहळू वाढणारा. केमो अजून नाही, नुसतं दर तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायची आणि नजर ठेवायची. त्यामुळे केस शाबूत. आणि केस शाबूत म्हणजे लोकांच्या लेखी कॅन्सरच नाही, आमच्या एका नातेवाईक बाईने तर तोंडावर विचारलं होतं, "अगं केस तर चांगले आहेत की, मग कसला कॅन्सर?" आता काय सांगणार. पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार पाहिजेत, माझ्या ८० हजाराच्या वर, पण त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या. वर्गात ८० पोरं आणि एकाचाही अभ्यास झालेला नाही, तसलं. वर अँटीबॉडीज कमी, त्यामुळे घरात कुणी शिंकलं की चौथ्या दिवशी मी अंथरुणात, आणि बाकीचे तीन दिवसात बरे होतात तिथं माझा खोकला महिना महिना हटत नाही. नागीण तर वर्षात दुसऱ्यांदा.

यावेळी आधी ज्या दवाखान्यात गेले तिथं पाठ नीट न बघताच ॲलर्जी म्हणून मलम दिलं. मी म्हणलं डॉक्टर मला सीएलएल आहे, तर म्हणे प्रत्येक गोष्ट त्याला जोडू नका. नागिणीचं औषध पहिल्या ७२ तासात सुरू झालेलं बरं असतं, ते ७२ तास मलमातच गेले. घरी तोवर गेरूचा लेप, मंत्र टाकणारा माणूस, आणि तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपतो ही चर्चा, तीही माझ्यासमोरच. पुढे फोड सगळीकडे पसरले, ताप चढला आणि मग तुमच्या वॉर्डात सलाईनमधून असायक्लोव्हिर, म्हणजे नागिणीच्या विषाणूवरचं औषध.

गंमत बघा, दिवाळीत खोकत खोकत येऊन गळ्यात पडणारी हीच माणसं आता दाराबाहेर डबा ठेवून जायची. ज्यापासून मला धोका तेव्हा जवळ, आणि नागीण म्हणलं की लांब.

तिसऱ्या रात्री हात वर होत नव्हता म्हणून पाच दिवस विंचरलेलं नव्हतं, केसांचा नुसता गुंता. तुम्ही सलाईन बदलायला आलात, बघितलंत, काही बोलला नाहीत. थोड्या वेळाने मास्क, ग्लोव्हज घालून हिरवा कंगवा घेऊन आलात. मी म्हणलं अहो लांब रहा, तर तुम्ही म्हणालात, "काकू, नागीण कांजण्यांच्याच विषाणूची, आणि मला लहानपणीच कांजण्या झाल्यात, टेस्ट पण केलीय. वेणी घालू का अंबाडा?"

वेणी म्हणलं मी. खालून वर एकेक बट सोडवत होतात, पाठीला धक्का लागू नये म्हणून केस वरच्यावर धरून. मध्ये दोनदा बेल वाजली, दोनदा जाऊन आलात, परत तिथूनच सुरू. आई गेल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून रडले ते तुम्हाला कळलं असणार, पण तुम्ही काही विचारलं नाहीत, त्याचे वेगळे आभार.

तशी चांगली माणसं आहेत हो. आमच्या शाळेतल्या एक बाई नाक जरा चोंदलं तरी फोन करतात, आज येत नाही, सर्दी आहे म्हणून. मेडिकलवाला मुलगा मी दिसले की न सांगता मास्क वर ओढतो. यांना कुणी शिकवलं नसेल. आणि ज्यांना सहा वर्षे शिकवतेय त्यांना काही येत नाही, चाळीस वर्गांचे पेपर तपासले तरी एवढी दमत नाही मी.

फोड आता सुकलेत, आग अजून होते, रात्री ब्लाऊजचं कापड पण टोचतं. डॉक्टर म्हणालेत पूर्ण बरं झाल्यावर नागिणीची लस घ्या, जिवंत विषाणू नसलेली, दोन डोसची. महाग आहे पण घेणार.

डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती आणि कंगवा माझ्या पिशवीत आला. पुढच्या सीबीसीला येईन तेव्हा तुम्हाला नवा आणते. हा मी ठेवून घेतलाय, एक दात तुटलेला.

तुमची,
खिडकीजवळची काकू