भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला आलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

माझ्या गेमला केलेल्या मदतीचे आभार मानायला लागलं की तुम्ही "ते राहू द्या ताई, आधी त्या पोरीची उडी बघा" म्हणून विषय बदलता. तीनदा प्रयत्न करून झाला. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते. इथं तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. शालिमारच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दिवसा कोरलड्रॉमध्ये भाऊ-साहेबांचे फोटो कापायचे आणि रात्री शटर अर्ध्यावर ओढून गेम बनवायचा, असं दीड वर्ष चाललं होतं. गेमचं नाव 'धप्पा'. नाशिककरांना एवढं पुरेसं आहे, पण बाहेरच्यांना रहाड म्हणजे काय ते सांगावं लागतं. जुन्या नाशकात जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशवेकाळातले. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात, खाली काय आहे याचा नवख्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला ते उकरून काढतात, रंगाच्या पाण्यानं भरतात आणि मग काठावरून अंग झोकून द्यायचं. त्या उडीला म्हणतात धप्पा. तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा, ज्याची त्याची रहाड आणि ज्याचा त्याचा अभिमान. लहानपणी आजीनं मला काठाजवळसुद्धा फिरकू दिलं नाही. त्याचा राग म्हणा, गेममध्ये पहिली उडी मुलीचीच ठेवली.

तुम्ही दुकानात आलात तो शनिवार होता. भाच्याच्या वाढदिवसाचा चार बाय तीनचा फ्लेक्स, तीनशे ठरले होते, दीडशे दिलेले. आणि माझा कॉम्प्युटर अडकलेला. गिऱ्हाईक नाही असं बघून मी फोनसाठी बिल्ड, म्हणजे फोनवर चालणारी गेमची फाईल तयार करायला, लावला होता आणि तो पाऊण तास एकाच टक्क्यावर बसला होता. तुमची फाईल उघडेना. "दहा मिनिटं दादा" असं मी चार वेळा म्हटलं. दुसरं कुणी असतं तर आवाज चढवला असता. तुम्ही काउंटरवरून वाकून स्क्रीन पाहिलीत आणि विचारलंत, "कुठलं इंजिन?" म्हणजे गेम मी कुठल्या सॉफ्टवेअरवर बनवते.

अंबडच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीन दुरुस्त करणारा माणूस हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

त्या जुन्या इंजिनाचं नाव मी घेत नाही. ते वाईट आहे असं माझं म्हणणंही नाही, मोठमोठे लोक त्यावर पोट भरतात. पण माझा सेकंडहँड कॉम्प्युटर ते उघडताना दमायचा. एक आकडा बदलला की पट्टी सरकत बसायची. त्यात मी एकदा नवी आवृत्ती टाकली आणि चालता प्रोजेक्ट लाल अक्षरांनी भरून गेला. महिनाभर मी काही नवं केलं नाही, फक्त आधी होतं ते परत आणत होते. एवढं करून गेम 38 एमबीचा. ज्या पोरांसाठी बनवत होते त्यांच्या घरच्या फोनमध्ये तेवढी जागा करायची तर आईचे फोटो पुसावे लागायचे.

तुम्ही कागदाच्या मागे एकच शब्द लिहिलात, 'डिफोल्ड', दुसऱ्या एका इंजिनाचं नाव, आणि फ्लेक्स घेऊन गेलात. तो कागद मी आठ दिवस पेपरवेटखाली ठेवला. नावच ऐकलेलं नव्हतं. आपल्याकडे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, मराठीत त्यावर एक धड व्हिडिओ सापडला नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही सहज डोकावलात तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला, की उद्या हे बंद पडलं तर?

तुम्ही "नाही हो पडत" म्हणाला असतात तर मी तिथंच सोडून दिलं असतं. तुम्ही हकिकत सांगितलीत. रॅग्नार स्वेन्सन आणि ख्रिश्चन मरी या दोघांनी स्वीडनमध्ये ते उभं केलं, कँडी क्रशवाल्या किंग कंपनीनं ते विकत घेतलं, 2016 मध्ये सगळ्यांना फुकट वापरायला दिलं आणि 2020 मध्ये एका फाउंडेशनच्या हवाली करून सोर्स, म्हणजे इंजिनाचा मूळ कोडही, खुला केला. रॉयल्टी नाही. गेम हवा तर विका, फक्त इंजिनच आपलं म्हणून विकायला काढायचं नाही. मग तुमच्या धंद्यातलं एक वाक्य आलं: "कंपनी बुडालेल्या मशीन मी आजही चालवतो ताई. ड्रॉइंग हातात असलं म्हणजे झालं." मला ते पटलं. फ्लेक्सच्या मशीनचं एक हेड कुठं मिळेना म्हणून मी तीन आठवडे बसून होते, ते आठवलं.

त्यानंतरचे तीन रविवार. स्कूटरवर अंबडहून यायचं, चहा सांगायचा, स्टूल ओढायचं आणि हात मागे बांधून बसायचं. माउसला तुम्ही एकदाही हात लावला नाहीत. पहिल्या रविवारी याचा मला राग आला होता. पाच मिनिटांत होईल ते काम हा माणूस मला दीड तास का करायला लावतोय?

पण सगळ्यात मोठी मदत त्याच्याही आधीची आहे. मी जुना कोड ओळीला ओळ लुआमध्ये, म्हणजे डिफोल्डच्या भाषेत, उतरवायला बसले होते. तुम्ही थांबवलंत. "कोड सोडा, आकडे ठेवा. चित्रं तर तुमचीच आहेत." मग आपण जुना गेम चालवून वहीत आकडे काढले. उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 900 पिक्सेल, गुरुत्वाकर्षण 2400. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट, म्हणजे पोरगी काठापासून जवळजवळ 169 पिक्सेल वर जाते आणि पाऊण सेकंदात परत काठाच्या पातळीला येते. दीड वर्ष मी हे नजरेनं जमवत आले होते. ते दोन आकड्यांत मावतं हे त्या दिवशी कळलं. दीड वर्षाच्या कामातलं खरं टिकाऊ काय होतं, तर वहीचं अर्धं पान आणि चित्रांचा एक फोल्डर.

डिफोल्डमध्ये सगळं निरोपांवर चालतं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पोरगी पाण्यात पडली की पाण्यानं उसळायचं, आवाज यायचा, गुण वाढायचे. जुन्या सवयीनं मी पोरीच्याच कोडमधून पाण्याला, आवाजाला, गुणांना हात घालायला बघत होते. तुम्ही मशीनचा दरवाजा सांगितलात. दरवाजा उघडा असला की स्पिंडल, म्हणजे मशीनचा दांडा, फिरत नाही, पण दरवाजा काही स्पिंडलला धरून ठेवत नाही. तो फक्त सिग्नल देतो, 'मी उघडा आहे'. पुढं कुणी काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. तसंच पोरीनं 'धप्पा' एवढा निरोप टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

त्यावर मी माझी भर घातली, ती तुम्हाला आवडली होती. निरोप टाकला म्हणजे काम लगेच झालं असं नाही, तो रांगेत जातो. मी गुण वाढवायचा निरोप टाकून पुढच्याच ओळीत गुण वाचत होते आणि जुनाच आकडा येत होता. आमच्याकडे पोराला "कटिंगला टाक" म्हटलं म्हणजे कटिंग झालेलं नसतं. हे मला कळायला हवं होतं.

झेडचा, म्हणजे कुठलं चित्र पुढं नि कुठलं मागं त्या आकड्याचा, घोळ आठवतोय? कोरलमधल्या लेअरसारखे मी आकडे दिले: भिंत 1, पोरगी 2, पाणी 3. पोरगीही गायब, पाणीही गायब. कोऱ्या भिंतीकडे बघत मी बसले होते आणि तुम्ही चहा पीत म्हणालात, "ट्रॅव्हल लिमिटच्या बाहेर गेलं असणार." ट्रॅव्हल लिमिट म्हणजे मशीन जिथवर सरकतं ती हद्द. खरंच तसं होतं. मुळातल्या सेटिंगमध्ये डिफोल्ड उणे 1 ते 1 एवढ्याच पट्ट्यातलं दाखवतं. 0.1, 0.2, 0.3 केलं आणि रहाड भरली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर बोट ठेवलं तरी पोरगी उडेना, तर मी 'अक्वायर इनपुट फोकस' हा निरोपच पाठवला नव्हता. स्पर्श हवा असेल तर आधी मागावा लागतो. हे मात्र मी एकटीनं शोधलं, रात्री दोनला, आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

बारा पोरांचा किस्सा तर मी अजून गिऱ्हाइकांना सांगते. काठावर बारा पोरं उभी केली, एकानं उडी मारली आणि बाराच्या बारा हवेत! वेगाचा आकडा मी फाईलच्या वरच्या बाजूला लिहिला होता आणि तिथं लिहिलेलं त्या स्क्रिप्टच्या सगळ्या प्रतींमध्ये सामाईक असतं. "सगळ्यांना सारखं ते वर, ज्याचं त्याचं ते सेल्फमध्ये," हे तुमचं वाक्य मी मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. सेल्फ म्हणजे प्रत्येक प्रतीची स्वतःची जागा. गुरुत्वाकर्षण वर, वेग सेल्फमध्ये. पण ती चुकीची आवृत्ती मी ठेवून दिली आहे. रंगपंचमीला तसंच तर होतं की. शेवटच्या लेव्हलला मुद्दाम वापरणार आहे.

सगळंच गोड होतं असं लिहिलं तर तुम्हालाच पटणार नाही. मराठी अक्षरांनी मला रडवलं. मी वापरलेल्या आवृत्तीत अक्षरं नुसती एकापुढे एक मांडली जायची, जोडाक्षर जुळायचं नाही, आणि माझ्या गेमच्या नावातच प्पा! 'धप्‌पा' असं पाय मोडून उभं राहायचं. शेवटी मी सगळे शब्द कोरलमध्ये हातानं काढले, चित्रं म्हणून अॅटलासमध्ये, म्हणजे गेमच्या चित्रसंचात, घातले. गुणांचे आकडे मात्र फॉन्टमधून येतात, कारण आकड्यांना जोडाक्षर नसतं. तयार चित्रं-आवाजांचा मोठा बाजार या इंजिनाला नाही, थ्रीडी करायचं असेल तर मी कुणाला हे सुचवणार नाही, आणि अडलं तर नाशकात विचारायला तुम्ही एकटे. तुम्ही म्हणता माहितीपत्रकं उत्तम आहेत. आहेत, पण ती तुमच्यासारख्यांनी तुमच्यासारख्यांसाठी लिहिली आहेत.

दुसऱ्या बाजूला हेही लिहिते. पहिल्यांदा फोनसाठी बिल्ड केला तेव्हा अँड्रॉइडचं एसडीके (बिल्ड करायची अवजारं) वगैरे काही म्हणजे काही वेगळं टाकावं लागलं नाही. मी सवयीनं चहा सांगायला उठले. परत आले तर झालेला होता. गेम 6 एमबी. आणि फोनवर गेम चालू असताना इकडे गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदलून कंट्रोल-आर दाबलं की तिकडे उडी लगेच जड होते, हे मी त्या संध्याकाळी विनाकारण वीस वेळा केलं. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हीही कधीतरी केलं असणार.

आता कबुली. दुसऱ्या रविवारी तुम्ही विचारलंत, "जुना प्रोजेक्ट काढून टाकला ना?" मी हो म्हटलं. खोटं होतं. पेनड्राइव्हवर होता आणि मधल्या आठवड्यात रात्री मी तोच उघडून बसत होते. दीड वर्ष असं सोडवत नव्हतं. झेडचा घोळ झाला त्या दिवशी तर मी परत फिरायचं नक्की केलं होतं. तुम्ही लिमिटचं बोलला नसतात तर फिरलेही असते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला अर्जंट फाईल द्यायची होती, हाताला तोच पेनड्राइव्ह लागला. फॉरमॅट मारला. मारल्यावर लक्षात आलं की आत काय होतं ते बघितलंही नाही.

माझी भाची रोज 'धप्पा' खेळते आणि रोज एक नवी तक्रार सांगते. परवाची तक्रार अशी की पाण्यातून वर आल्यावर मुलीचा फ्रॉक रंगलेला दिसत नाही. बरोबर आहे तिचं. त्यावर काम चालू आहे.

राहता राहिलं, ऑर्डरच्या वहीत तुमच्या नावापुढे अजून 'बाकी 150' आहे. त्या शनिवारच्या गोंधळात मी मागितले नाहीत, तुम्ही दिले नाहीत, आणि नंतर दोघांनाही आठवलं नाही. ती ओळ मी खोडलेली नाही आणि खोडणारही नाही. एखाद्या रविवारी द्यायला या. शटर अर्ध्यावरच असेल, खालून वाकून या, आणि चहा यावेळी माझ्याकडून.

तुमची,
फ्लेक्सवाली ताई