सरडा म्हणजे छोटा डायनोसॉर नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातला सर्वांत जुना सरडा मध्य प्रदेशात’ हा मजकूर वाचला. सोबतच्या चित्राखाली ‘छोटा डायनोसॉर’ असे छापले आहे. डायनोसॉरचे जवळचे नातलग म्हणजे मगरी आणि पक्षी. सरडे, पाली, घोरपडी आणि साप हे वेगळे घराणे. चित्राचे एवढेच.

मजकुराचे मात्र तसे नाही. ज्या टिकीग्वानिया नावाच्या सरड्याचे एवढे कौतुक केले आहे, त्याचा एक खालचा जबडा मध्य प्रदेशातल्या टिकी या खडकांच्या थरांत सापडला आणि २००६ मध्ये त्याचे बारसे झाले. थर ट्रायासिक, म्हणजे ज्युरासिकच्याही आधीच्या काळातले, म्हणून सरडाही तेवढाच जुना ठरला. पण २०१२ मध्ये तीन संशोधकांनी तो जबडा आजच्या सरड्यांशी ताडून पाहिला. दातांची ठेवण थेट सध्याच्या भारतीय सरड्यांची निघाली. अलीकडच्या एखाद्या सरड्याचे हाड जुन्या मातीत मिसळले असावे, असे त्यांचे मत पडले. इतक्या वर्षांपूर्वी उठलेला हा आक्षेप आपल्या लेखकाच्या कानी गेलेला दिसत नाही.

भारतातला जुना सरडाच हवा होता, तर भारतगामा होता की! २००२ मध्ये सुसान इव्हान्स, जी. व्ही. आर. प्रसाद आणि बी. के. मन्हास यांनी त्याचे वर्णन केले. तेलंगणातल्या रेब्बना गावाजवळच्या कोटा थरांतला हा प्राणी ज्युरासिक काळातला, म्हणजे किमान १४ कोटी वर्षांपूर्वीचा. अख्खा सांगाडा कुणाला मिळालेला नाही. गाळ चाळणीत धुवायचा, उरलेली कचकच सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण करून निवडायची, तेव्हा कुठे जबड्याचे इवलेसे तुकडे हाती लागतात. पण असे तुकडे बरेच मिळाले, एकाच जबड्यावर सगळा डोलारा नाही. पुढचे थोडे सोडले तर बाकीचे दात जबड्याच्या हाडाच्या काठावरच जोडलेले. असे दात झिजतात, पण पडून त्या जागी नवे येत नाहीत. भारतगामा नक्की कोणत्या शाखेचा यावर अजून वाद आहे, तोही छापायला हरकत नाही.

अशाच दातांचा सरडा आपल्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, आजही दिसतो. पावसाआधीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून मिरवतो. ‘सारडा सुपर्बा’ या नावाने त्याची शास्त्रात नोंद झाली ती २०१६ साली. साताऱ्याच्या वाचकाला भारतगामा समजावायला याहून सोपा दुवा कुठला? लेखात चाळकेवाडीचे नावही नाही.

एक मात्र आधीच सांगते, म्हणजे कुणी कुदळ घेऊन निघायला नको. आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे; भारतगामाच्या काळातला थर इथे वर कुठेच उघडा नाही. महाराष्ट्रात तो पाहायचा तर गडचिरोलीतले सिरोंचा गाठावे लागेल.

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा, रोजच्या अंकाच्या आतल्या कोपऱ्यात नको. आमच्या गल्लीतली शाळकरी मुले प्रकल्पाच्या वहीत कात्रणे चिकटवतात ती पुरवणीचीच.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा