थंड इंजिनाचा आवाज थंडच ऐका की राव!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या निफाडकडं थंडीत पारा 10 च्या खाली गेला की पहाटे गल्लीतल्या एकेक गाड्या खोकायला लागतात. माझी 100 सीसीची गाडी आठ वर्षं जुनी, साठ हजार किमी झालेत. सकाळी किक मारली की डाव्या बाजूनं खडखड, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी, आणि दोन मिनिटांत गायब. एवढ्या आवाजापायी एका गॅरेजवाल्यानं मला बोअर-पिस्टनचं (इंजिनातला सिलिंडर आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या) काम सांगितलं, सात हजार! म्हणून हे पत्र.

मुद्दा असा की त्यानं तो आवाज ऐकलाच नव्हता. 12 किमी गाडी चालवत नेली तोवर इंजिन तापलेलं, आवाज बंद, मग मीच तोंडानं खडखड करून दाखवली (बाकीचे गिऱ्हाईक बघतच राहिले) आणि त्यावर निदान झालं, 'पिस्टन वाजतोय'. आता तो अगदीच थापा मारत होता असं नाही म्हणणार. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, थंड असताना आकसलेला, त्यामुळं झिजलेल्या बोअरमध्ये आपटतो आणि तापून फुगला की गप्प बसतो, हे खरंय. पण थंडीत वाजून नंतर गप्प होणारं तेवढं एकच नसतं ना. सायलेन्सरची गास्केट (इंजिनाच्या जोडातली सील करणारी चकती) लीक असली तरी थंड इंजिनात टकटक येते, आणि धातू तापून फुगला की फट बुजते. काही बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) असतात, त्यात ऑइल भरेपर्यंत काही सेकंद टिकटिक होतेच, तो बिघाड नाही. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचच्या बाजूला बघायचं. हे ओळखायला गाडी थंड पाहिजे, दुसरं काही नाही.

दुसऱ्या मिस्त्रीनं तेच केलं. म्हणाला, "दादा, गाडी रात्री इथंच ठेवा, सकाळी सात वाजता या." सकाळी मी गेलो तर हा स्वेटर घालून हजर, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून किक मारायला सांगितली, हेडपासून (इंजिनाचा वरचा भाग) खालपर्यंत चार जागी ऐकलं आणि म्हणाला टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी आतली साखळी) ढिली, ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. मग ऑइल कुठलं टाकलं विचारलं. मी म्हणालो 20डब्ल्यू-50 (हा ऑइलच्या जाडीचा नंबर), कारण दुकानदार म्हणाला होता जाड ऑइल म्हणजे इंजिन सेफ. माझ्या गाडीच्या पुस्तकात 10डब्ल्यू-30, म्हणजे त्याहून पातळ, लिहिलंय, मी ते पुस्तक आठ वर्षांत उघडलं नव्हतं ही माझी चूक. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर हे पण तेव्हाच कळलं. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, आणि जाड असलं की पहाटे वर हेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर वरचे भाग जवळजवळ कोरडेच घासतात. आणि मी काय करायचो, आवाज आला की अजून रेस द्यायचो!

टेन्शनर, चेनचं गाइड, ऑइल, मजुरी धरून बाराशे रुपये झाले.

गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती, गिऱ्हाईक 'सकाळी वाजते' म्हणालं तर जॉबकार्डावर तसं लिहा आणि गाडी रात्रभर ठेवून घ्या. जागा नसेल तर गिऱ्हाइकानं मोबाईलवर पहिल्या किकपासूनचा आवाज रेकॉर्ड करून न्यावा, तोंडानं काढलेल्या आवाजापेक्षा बराच बरा. मात्र इंजिन तापल्यावर आवाज वाढत असेल, लोडवर (चढावर, ओझं असताना) खालून जड ठकठक येत असेल, तर सकाळची वाट बघू नका, गाडी तिथंच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या.

आपला,
एक दुचाकीवाला, निफाड